ऐंशी टक्के वेगाने चढलेला डोंगर

वाड्यातल्या शेजाऱ्यांकडे टीव्ही गेम होता. मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही सात-आठ जण त्यांच्या पुढच्या खोलीत जमायचो. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमचं संगीत वाजलं की सगळे सरसावून बसायचे. दोन कंट्रोलर होते. एक ताईकडे, कारण ती सगळ्यांत भारी खेळायची. दुसरा मी हट्टाने घ्यायचो.

कॉन्ट्राच्या तिसऱ्या लेव्हलला धबधबा आहे. खालून वर उड्या मारत जायचं. दोघं खेळत असले की त्यात एक गोम असते. पुढचा खेळाडू वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर गेला की मरतो. त्याला गोळी लागावी लागत नाही, मागे राहिला एवढा गुन्हा पुरतो. मी दर वेळी तिथेच मरायचो. मागे बसलेली मुलं ओरडायची, "सोड त्याला, तू जा!" ताई जायची नाही. एका कपारीवर उभी राहून ती गोळ्या चुकवत राहायची आणि मला सांगायची, "घाई नको. बघ, आता मार उडी."

वेगवेगळ्या कुवतीची माणसं एकच गेम खेळायला बसली की काय होतं, हे मी त्या धबधब्याखाली शिकलो. गेमने आम्हा दोघांसाठी काही सोय केलेली नव्हती. सोय ताईने केली, स्वतःचा जीव धोक्यात घालून.

आज ताई सत्तेचाळीस वर्षांची आहे. तिला संधिवात आहे. सकाळी बोटं आखडलेली असतात, दुपारी चहापर्यंत जरा सैल होतात. मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे नाशिकला गेलो होतो, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर 'सेलेस्ट' घालून दिला. २०१८ साली आलेला, मॅडी थोरसन आणि नोएल बेरी यांनी छोट्या गटासह केलेला हा गेम. मॅडलिन नावाची एक मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. उडी, पकड आणि हवेत एकदा मारायची झेप, एवढ्या तीन गोष्टींवर सगळा खेळ. दिसायला साधा, खेळायला महाकठीण. प्रत्येक पडद्यावर काट्यांचं नवं कोडं असतं. चुकलात की मेलात, आणि क्षणात पुन्हा त्याच जागी उभे.

पहिल्या दिवशी ताईला झेप जमेना. डोक्यात ती बरोबर होती. कुठे उडी, कुठे झेप, कुठल्या भिंतीला धरायचं, हे ती मला आधी बोलून दाखवत होती. बोट मात्र क्षणभर उशिरा दाबलं जायचं. तासाभराने मी मेनूत जाऊन 'असिस्ट मोड' उघडला. त्यात गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो, अगदी पन्नासपर्यंत. पकडीची ताकद न संपणारी करता येते, हवेतल्या झेपा वाढवता येतात, मरणच येऊ नये असंही करता येतं. ताईने बाकी कशाला हात लावला नाही. फक्त वेग ऐंशीवर आणला आणि खेळायला बसली. पुढच्या एका पडद्यावर ती बेचाळीस वेळा मेली. मी मोजत होतो. त्रेचाळिसाव्या वेळी पलीकडे पोचली तेव्हा तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांची बोटं हळूहळू उघड-मीट केली. चेहरा अगदी त्या मे महिन्यातल्या दुपारचा.

माझा भाचा मागे उभा होता. नववीत आहे. तो म्हणाला, "आई, हे चीटिंग आहे."

हा लेख त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहितो आहे. तो मुलगा वाईट नाही. तो जगभरच्या लाखो गेमर लोकांचं मत बोलत होता, आणि त्या मताला थोडा आधारही आहे.

२०१९ च्या मार्चमध्ये जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'सेकिरो' आला आणि या प्रश्नावर मोठा वाद पेटला. गेम अतिशय अवघड, आणि सोपा करायची सोय नाही. अशा गेममध्ये 'इझी मोड' असायला हवा होता की नको? दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची भूमिका स्पष्ट आहे. सगळ्यांनी एकाच अडचणीला तोंड द्यावं, म्हणजे ती पार केल्याचा आनंद आणि तिच्याबद्दलच्या गप्पा सगळ्यांना एका पातळीवर वाटून घेता येतात. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सेकिरोला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळाला.

मी सेकिरो खेळलो आहे. अशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाचा योद्धा भेटतो. त्याच्यापाशी माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. त्याची तलवार येते त्या नेमक्या क्षणी आपली आडवी धरायची, मग खणकन आवाज होतो आणि त्याचा तोल थोडा ढळतो. शेवटी तो विजा फेकू लागतो. तेव्हा आपण हवेत असायचं, वीज अंगावर झेलायची आणि जमिनीला पाय लागायच्या आत ती परत त्याच्यावर टाकायची. तिसऱ्या संध्याकाळी हे जमलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून गॅलरीत गेलो आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. तो आनंद खरा होता आणि तो अवघडपणातून आला होता. तिथे एखादं बटण दाबून मी पुढे गेलो असतो तर गेनिचिरो आज माझ्या लक्षातही नसता. म्हणून 'अवघडपणा काढून टाका, गोष्ट तर तीच राहते' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सेकिरोत अवघडपणा हीच गोष्ट आहे.

पण अवघडपणा मोजायचा कुठे? डिस्कवर की हातात?

गेनिचिरोची तलवार माझ्यासाठी ज्या वेगाने येते त्याच वेगाने ताईसाठी येते. आकडे समान आहेत. पण माझं बोट वेळेवर दाबलं जातं आणि तिचं जात नाही. मला तिथे तीन संध्याकाळी लागल्या, तिला तीनशे लागल्या तरी पलीकडचा काठ दिसणार नाही, कारण कमी पडतोय तो सराव नव्हे, सांधा आहे. म्हणजे समान आकड्यांनी आम्हाला समान अडचण दिलेली नाही. मियाझाकींना जे हवं आहे, सगळ्यांनी सारखाच घाम गाळावा, ते साधायचं असेल तर माझ्यासाठी शंभर आणि ताईसाठी ऐंशी हाच त्याचा जवळचा मार्ग आहे. बेचाळीस वेळा मरणाऱ्या बाईला 'तू कष्ट केले नाहीस' असं कोण म्हणेल?

आपल्याकडच्या पोरांना हे न शिकवता कळायचं. लपंडाव असो, डबा ऐसपैस असो, विषामृत असो, धाकट्या भावंडाला खेळात घ्यावंच लागायचं. ते कच्चं लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला आउट धरत नाहीत. पण ते धावतं, लपतं, ओरडतं आणि संध्याकाळी घामाघूम होऊन घरी जातं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पहिला ट्राय बॉल असायचा, जागा लहान असली तर एक टप्पा आउट, गडी विषम झाले तर एक जण दोन्हीकडून कॉमन. जमलेले भिडू कोण आहेत हे बघून नियम ठरायचे. त्यामुळे लपंडावाची किंमत कमी झाली असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

मात्र त्याच आठवणीत एक काटाही आहे. कच्चं लिंबू म्हणवून घेणं कुणालाच आवडायचं नाही. मला तर मुळीच नाही. 'मी पक्का खेळणार' म्हणून मी भांडलोय, रडलोय. सवलतीचा त्रास नव्हता, सवलत ज्या शब्दांत मिळायची त्यांचा होता.

गेमवाल्यांनी या शब्दांच्या बाबतीत फार चुका केल्या. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन ३डी'मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं दिसायचं आणि पातळीचं नाव असायचं 'बाबा, मी खेळू का?' अशा अर्थाचं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'डूम'मध्येही सोप्या पातळीचं नाव असंच हिणवणारं. पुढची कित्येक वर्षं ही चाल टिकली. ज्याला मदत हवी त्याने आधी स्वतःचा अपमान निवडायचा, मग खेळायचं. माझ्या भाच्याच्या तोंडी 'चीटिंग' आलं ते या परंपरेतून आलं.

सेलेस्टच्या कर्त्यांनाही हे एकदम साधलं नाही. गेम तयार होत असताना या सोयीचं नाव 'चीट मोड' होतं. ते बोचतं म्हणून त्यांनी बदललं. गेम बाजारात आला तेव्हा असिस्ट मोडच्या आधी एक टिपण यायचं, की अवघडपणा हा या अनुभवाचा गाभा आहे आणि पहिल्यांदा हा मोड न वापरता खेळावं. हेतू चांगला होता. पण ज्यांना त्याशिवाय पहिला धडाही पार होत नाही, त्यांना त्यात 'तुमचं खेळणं दुय्यम' असं ऐकू आलं. २०१९ मध्ये कर्त्यांनी ते शब्द बदलले. आता तिथे एवढंच कळतं, की हा गेम अवघड व्हावा म्हणून केला आहे, आणि तुमच्या गरजेप्रमाणे नियम बदलायचे असतील तर ते इथे बदलता येतील. एका टिपणातली दोन-तीन वाक्यं. त्यासाठी अपडेट काढावा असं त्यांना वाटलं, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगायची राहिली होती, ती मी त्याला नंतर दाखवली. 'निखळ' अवघड असा सेलेस्ट मुळात नाहीच. मॅडलिनचा पाय कड्यावरून सुटल्यानंतरही काही क्षण तिला उडी मारता येते. उडी मारताना डोकं कोपऱ्याला जेमतेम लागलं तर गेम तिला हळूच बाजूला सरकवतो आणि वर जाऊ देतो. कर्त्यांनीच हे जाहीरपणे सांगितलेलं आहे. शंभर टक्के वेगाने खेळणाऱ्या प्रत्येक शूराला गेम असा हात देत असतो. भाच्याने पंधरा मिनिटं कड्यावरून उड्या मारून खात्री करून घेतली.

अवघडपणा पवित्र मानणाऱ्यांनी त्याचं मूळही बघावं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिका-जपानमधल्या आर्केडमध्ये गेमची यंत्रं नाण्यांवर चालायची. यंत्राच्या आत छोटी बटणं असायची. किती आयुष्यं द्यायची, गेम किती कठीण ठेवायचा, हे दुकानमालक त्यावरून ठरवायचा. खेळणारा लवकर मेला की पुढचं नाणं लवकर पडायचं. घरातल्या गेमने तो अवघडपणा वारशाने घेतला. गेम करणाऱ्यांनाही तो झेपायचा नाही. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' घरच्या यंत्रावर आणताना कोनामी या जपानी गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासून बघण्यापुरताही खेळता येईना. मग त्यांनी एक गुप्त क्रम घातला आणि तो तसाच राहून गेला: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. याच क्रमाने कॉन्ट्रात तीनाऐवजी तीस आयुष्यं मिळायची. आमच्या वाड्यात हा क्रम तोंडपाठ होता. तीस आयुष्यं घेऊन खेळणाऱ्याला कुणी चोर म्हटलं नाही. ती नसती तर आमच्यातल्या निम्म्या मुलांनी कॉन्ट्राचा शेवट कधीच पाहिला नसता.

आता माझं म्हणणं. अवघडपणाची चावी खेळणाऱ्याच्या हातात असावी, ती उघडपणे दिलेली असावी, आणि ती फिरवताना त्याला मान खाली घालावी लागू नये. करणाऱ्याने आपला मूळ हेतू जरूर सांगावा: 'हा गेम आम्ही अमुक वेगाने खेळला जावा म्हणून केला.' पुढचा निर्णय खेळणाऱ्याचा.

चावी मेनूतच असली पाहिजे असंही नाही. त्याच मियाझाकींच्या २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये पातळी निवडायची सोय नाही, तरी तो सेकिरोपेक्षा कितीतरी अधिक लोकांना खेळता आला. सुरुवातीच्या माळावरच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार तुम्हाला चिरडून टाकतो. तिथे गेम एक गोष्ट शिकवतो: बाजूने निघून जा, दुसरीकडे ताकद कमव, मग परत ये. मदतीला आत्मे बोलावता येतात, दुसऱ्या खेळाडूंना हाक मारता येते, लांबून मंत्र टाकता येतात. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'ने आणखी वेगळी वाट काढली. शत्रूंची ताकद, साथीदारांची मदत, लपून जाण्याची सोय, सापडणारं सामान, प्रत्येकाची पातळी वेगळी ठरवता येते. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण एकाच माणसाचं डोकं तल्लख आणि हात मंद असू शकतो. ताईला सोपी कोडी नको आहेत. तिला थोडा वेळ हवा आहे.

माझा खरा राग आहे तो लपवलेल्या चावीवर. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये तुम्ही वारंवार मेलात की गेम गुपचूप सोपा होत जातो, शत्रूंचा मारा सौम्य होतो, आणि चांगलं खेळलात की उलट. हेतू वाईट नाही, गेम उत्तमच आहे. पण हे कळल्यावर माझ्या आठवणीतले काही विजय डळमळले. ते मी जिंकले होते की मला जिंकू दिलं होतं? कड्यावरच्या त्या जादा क्षणांची गोष्ट वेगळी, कारण ते सगळ्यांना नेहमी सारखेच मिळतात. 'मारिओ कार्ट' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये मागे पडलेल्याला भारी हत्यारं मिळतात, तेही सगळ्या घराला माहीत असतं आणि म्हणून त्यावर हसत-खिदळत भांडता येतं. ताईने धबधब्यात माझ्यासाठी थांबणंही मला दिसत होतं. मदत दिसली तर तिचा स्वीकार करता येतो किंवा ती नाकारता येते.

आणि या गुप्त चावीच्या मागे पैसा उभा राहिला की ती सरळ फसवणूक होते. मोबाइलवरचा एक रंगीत कोड्यांचा गेम आमच्या घरात वर्षभर नांदला. वीसेक लेव्हल भराभर सुटायच्या, मग एक अशी यायची की शेवटच्या एका चालीने हुकायची. पुन्हा हुकायची. आणि त्याच क्षणी पडद्यावर यायचं: पाच चाली जास्त हव्या का, थोडेच पैसे. माझ्या आईने त्यात महिन्याला किती घातले हे तिला स्वतःलाच सांगता येईना. ती लेव्हल खरंच तेवढी अवघड होती, की आईसाठी तेवढी केली होती? हे बघायचा कुठलाही मार्ग तिच्यापाशी नव्हता. नाणं गिळणारं ते जुनं यंत्र निदान सगळ्यांना एकाच बटणावर ठेवायचं. आज प्रत्येकासाठी वेगळं बटण ठेवता येतं. ही शक्यता मी कल्पनेने रंगवत नाही. २०१७ मध्ये गेम बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनला अमेरिकेत एक पेटंट मिळालं, ज्यात नवख्या खेळाडूसमोर कुणाला उभं करायचं हे तो खरेदीला प्रवृत्त होईल अशा बेताने ठरवण्याची पद्धत मांडलेली होती. कुठल्याही गेममध्ये ती वापरलेली नाही असं कंपनीने सांगितलं. तसं असेल तर चांगलंच. पण ती कागदावर उतरली, हेही खरं.

आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्याचा रोख पैसे लावण्यावर आहे. अवघडपणा विकण्याचा प्रश्न त्याच्या बाहेर राहतो. माझी मागणी बंदीची नाही. गेम खेळणाऱ्याला बघून स्वतःची पातळी बदलत असेल तर तसं ठळक लिहिलेलं असावं, आणि ते बंद करायची सोय असावी. जिथे सुटकेचे पैसे लागतात तिथे तर ही सक्ती हवीच. आणि ते आपल्या भाषेत लिहिलेलं असावं. माझ्या आईला 'बूस्टर' कळतं, अटी कळत नाहीत.

समोर दुसरा माणूस असतो त्या खेळांचा हिशोब वेगळा. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये कुणी आपला वेग ऐंशीवर आणला तर बाकीच्यांचं काय? तिथे मार्ग एकच, बरोबरीच्या लोकांशी गाठ घालून देणं. बुद्धिबळात अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत १९७० पासून जागतिक संघटना वापरते आणि नवखा ग्रँडमास्टरच्या समोर सहसा पडत नाही. स्पर्धेत शंभर म्हणजे शंभर, याबद्दल माझं दुमत नाही. घरात एकट्याने डोंगर चढणारी बाई कुणाशी स्पर्धा करत नसते.

छोट्या गटांना हे काम जड जातं, हे मी मान्य करतो. प्रत्येक नवी पातळी पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते. घाईत केलेली 'कठीण' पातळी म्हणजे बऱ्याचदा शत्रूचं आयुष्य दुप्पट करून ठेवलेलं असतं, त्याने कुणाचंच भलं होत नाही. पण सेलेस्टचा गट लहानच होता. सगळं नाही जमलं तर वेग तरी सुटा ठेवा. बटणं आपल्या सोयीने लावू द्या. एवढ्याने कितीतरी हात पुन्हा कंट्रोलरवर येतील.

संक्रांतीच्या आधी ताईचा फोन आला. मॅडलिन शिखरावर पोचली होती. सेलेस्ट मृत्यू मोजतो, आणि त्या आकड्याचा अभिमान बाळगा असं सांगतो. ताईचा आकडा होता २,९१७. तिने पडद्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भाच्याने त्याखाली अंगठा टाकला आणि मग वेगळा मेसेज करून मला विचारलं, "मामा, शंभरवर तुझे किती झाले होते?"

माझे चौदाशे झाले होते. मी त्याला तो आकडा कळवला, आणि त्याने तो आईला दाखवला. रात्री ताईचा मेसेज आला: पुढचे बी-साइडचे, म्हणजे त्याच धड्यांचे आणखी कठीण अवतार, ती नव्वदवर सुरू करून बघणार होती, औषध बदलल्यापासून उजवा अंगठा बरा चालतोय म्हणून.